काय काम काढलंस?

माघ लागला. सांगलीहून खिद्रापूरला मोटारीनं सव्वा-दीड तासात पोचता येतं. मला त्याला अख्खा दिवस लावायचा आहे. सायकल साधी, बिनगिअरची, पुढं बास्केट, मागं कॅरिअर. वाटेवर मैत्रिणींची घरं आहेत: हरिपूर, जयसिंगपूर, शिरोळ, नरसोबाची वाडी, कुरुंदवाड, सैनिक टाकळी. सगळ्या विलिंग्डन कॉलेजातल्या, काही वर्गातल्या, काही हॉस्टेलच्या. सगळ्या कृष्णेच्या काठाकाठानंच दिलेल्या.

मुक्काम टाकळीला, एवढंच पक्कं. बाकीच्यांना निरोप इतकाच: दिवसात कधीतरी येते, जेवणाचं करू नका.

*

हल्ली आम्ही भेटतो ते मंगल कार्यालयात. एकीच्या मुलीचं लग्न, दुसरीच्या सासूबाईंचं तेरावं. अक्षता पडल्या की पंगत, पंगत उठली की ज्याची त्याची गाडी. बोलायचं ते दारातच राहतं. नुसतं जाणं, हातात पत्रिका नाही, डोळ्यांत दुखवटा नाही, असं जाणं बंदच झालंय. मला ते फार लागतं.

आमच्या पिढीतल्या बाईला घरातून निघताना कारण सांगावं लागतं. माहेरी जायला सण लागतो, दवाखान्यात जायला दुखणं लागतं, देवळात जायला वार लागतो. मैत्रिणीकडं जायला काय लागतं, याचं उत्तर कुणी ठरवूनच ठेवलेलं नाही. म्हणून आम्ही जात नाही.

*

सायकलच का, असं घरी विचारलं. सांगितलं ते खरंच होतं. मोटारीतून उतरलेल्या पाहुणीला घरातली माणसं आधी विचारतात, परत कधी निघणार. सायकलीवरून आलेलीला आधी पाणी देतात, मग सतरंजी, मग घाम वाळेपर्यंत तिला उठू देत नाहीत. तेवढ्यात निम्मं बोलणं होऊन जातं.

शिवाय हा पट्टा सायकलीसाठीच आहे. कृष्णा, वारणा, पंचगंगा यांनी गाळ आणून आणून सगळं सपाट केलेलं. चढ लागतो तो फक्त पुलावर चढताना. त्रास असतो तो वाऱ्याचा आणि हंगामात उसाच्या ट्रॅक्टरचा.

*

हरिपूरचा रस्ता. दोन्ही बाजूंनी चिंचेची जुनी झाडं. कॉलेजात असताना आम्ही इथवर यायचो, संगमेश्वराच्या देवळाशी सायकली लावून वारणा कृष्णेला मिळते ते बघत बसायचो. देवल मास्तरांचं हे गाव. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९मध्ये रंगभूमीवर आलं. म्हाताऱ्याच्या गळ्यात पैशासाठी बांधली जाणारी पोर त्यांनी नायिका म्हणून उभी केली. गॅदरिंगला आम्ही त्यातला एक प्रवेश केला होता. हरिपूरची मैत्रीण त्यात शारदेची आई झाली होती. नंतर ती याच गावची सून झाली.

*

तिनं दार उघडलं, माझ्याकडं बघितलं, सायकलीकडं बघितलं.

“काय काम काढलंस गं?”

“काही नाही. आले.”

“घरी बरंय ना सगळं?”

“बरंय.”

“मग?”

मग काही नाही, हे तिला पटायला चहा उकळेपर्यंतचा वेळ गेला. पटलं तेव्हा ती खाली बसली. तोवर उभ्यानंच बोलत होती.

*

तिच्या सासरी हळदीचा व्यापार. परसात एक पेव अजून शाबूत आहे. वर दगडी फरशी. मुलानं ती सरकवली, तिनं बॅटरी धरली आणि मी गुडघ्यावर बसून आत बघितलं. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं. खाली मात्र पोट रुंद होत जातं, जमिनीत पुरलेल्या मोठ्या रांजणासारखं. भिंत घट्ट मातीची, कुदळीचे वार अजून दिसतात. एका बाजूला पिवळट झाक आहे. ती हळदीची की बॅटरीच्या उजेडाची, मला ठरवता आलं नाही. वास मात्र आला: ओल्या मातीचा, आणि त्यात मागं कुठंतरी हळदीचा.

भरायची रीत तिनं सांगितली. आत भिंतीला उसाचा पाला, चटया, मग हळद. तोंड बंद करून वर मातीनं लिंपायचं. हळद कितीतरी वर्षं राहायची, कीड लागायची नाही. आतली हवाच संपते, म्हणून कीड जगत नाही. तीच गोष्ट माणसाच्या जिवावरही उठते. पेव फोडलं की लगेच कुणी उतरत नसे. उघडं ठेवायचं, वाट बघायची, मग दोरीनं कंदील सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही.

नवी नवरी असताना सासूबाई तिला इकडं फिरकू द्यायच्या नाहीत. आता तिच्याशिवाय पेवाची रीत नीट सांगू शकणारं घरात कुणी नाही.

२००५च्या महापुरात पाणी पेवांत उतरलं. हळद गेली, आणि कितीतरी पेवांची पोटं आत ढासळली. त्यानंतर व्यापार गोदामांकडं गेला. सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा तिला अभिमान आहे. पण मानांकनाच्या जोडीला निदान चार पेवं नीट राखून लोकांना दाखवायला हवीत, असं ती म्हणाली. मीही तेच म्हणते. हळद साठवण्याचं एवढं शहाणपण या मातीत होतं, ते फरशीखाली झाकून ठेवणं बरं नाही.

निघताना तिनं हळकुंडं दिली. कुंकू लावलं. “पुढच्या वेळी पण काम नसतानाच ये,” म्हणाली.

*

पुलावरून कोथळी. पूर्वी पलीकडं जायचं तर नावेनं, नाहीतर अंकलीचा वळसा. पुलाच्या मध्यावर थांबून मागं बघितलं की दोन नद्यांचे रंग काही अंतर वेगळे दिसतात, मग एक होतात.

*

उमळवाडच्या अलीकडं उसाचं रान तोडत होते. टोळी बीडकडची. कडेला पाचटाच्या कोप्या, एका कोपीपुढं चूल, चुलीपाशी दोन लेकरं. मोळी बांधून डोक्यावर घेतलेली एक बाई गाडीकडं चालली होती. मोळी टाकून परत येताना माझ्यापाशी थांबली. पाणी प्यायली.

“कुठं निघालात ताई?”

“मैत्रिणींकडं.”

“लांब हाय का?”

मी गावं सांगितली. ती हसली. म्हणाली, तिची एक मैत्रीण आहे, एकाच गावात वाढल्या, लग्नंही एकाच मांडवात झाली. ती गेली कर्नाटकातल्या कारखान्यावर, ही इकडं. दिवाळी झाली की दोघी दोन दिशांना, पाडव्याच्या आसपास परत. तेव्हा भेटतात. “तवा बी तिला पाणी भरायचं असतं, मला बी.”

मुकादमानं हाक मारली. तिनं पदर खोचला आणि रानात गेली. कोयत्याचा आवाज बराच लांबपर्यंत येत राहिला. साखरेचा हा सगळा मुलूख, यातले बंगले, कारखाने, शाळा, पतसंस्था, या बाईच्या मानेवर उभे आहेत. आम्ही ते रोज बघतो आणि रोज पुढं जातो.

*

डबल ट्रॉली समोरून आली की सायकलवरून उतरायचं आणि साइडपट्टीवर उभं राहायचं. गाणं आधी ऐकू येतं, ट्रॅक्टर नंतर दिसतो. मागच्या ट्रॉलीच्या पाठीला लाल कापड किंवा चमकणारी पट्टी असली तर ठीक. नसली तर तिन्हीसांजेनंतर या रस्त्यांवर सायकल घालू नये.

*

जयसिंगपूर. शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं वसवलेलं गाव. आखून केलेलं, म्हणून गल्ल्या सरळ आणि गल्ल्यांना नंबर. पत्ता सापडायला वेळ लागला नाही. दाराला कुलूप.

शेजारच्या काकू म्हणाल्या, नातीला घेऊन दवाखान्यात गेल्यात, काळजीचं नाही. हळकुंडांतली दोन त्यांच्याकडं ठेवली. चौकात भडंग घेतलं, तिखट, लसणाचं. पुढं.

*

शिरोळच्या रस्त्याला शाळू निसवलाय. उसाच्या भिंती संपून मधेच शाळवाचं रान आलं की डोळ्यांना मोकळं वाटतं. हायस्कूलच्या मुली रांगेनं सायकलीवरून चालल्या होत्या, दप्तरं कॅरिअरला. त्यांतली एक मला मागं टाकून गेली आणि वळून बघून हसली.

*

शिरोळची मैत्रीण घरी नव्हती. रानात होती. रान कुठलं ते माहीत होतं, ओढ्याकडेचं.

“मी म्हटलं कोण बाई सायकल घेऊन बांधानं येतीया. काय काम काढलंस?”

“तुझं रान बघायला आले.”

“माझं रान? बघ की मग.”

मला वाटतं, तिला इतकी वर्षं कुणी हे म्हटलंच नव्हतं. डोक्यावरचा टॉवेल सारखा करून ती पुढं चालायला लागली.

*

या रानाची गोष्ट मला ठाऊक होती, पण ऐकीव. तिचं लग्न झालं तेव्हा इथं ऊस उभा राहिला की माणूस दिसत नसे. उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी शिवारभर फिरलं, पाट भरून पाणी दिलं गेलं, आणि निचऱ्याकडं कुणी बघितलं नाही. काळी, खोल, चिकट माती. पाण्याची पातळी हळूहळू वर आली आणि तिच्याबरोबर क्षार वर आले. आधी उगवण विरळ झाली, मग उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर दिसायला लागला, मग काहीच येईना. शिरोळ तालुक्यात अशी क्षारपड झालेली रानं गावोगाव आहेत. पाण्याच्या दुष्काळानं पडलेली जमीन सगळ्यांना दिसते. पाण्याच्या अतिरेकानं मेलेली जमीन लांबून हिरव्या गवतासारखीच दिसते, म्हणून तिच्याबद्दल ओरडही होत नाही.

नवरा गेल्यावर ते रान तिच्या वाट्याला आलं. दिराचा सल्ला होता, पडीक ठेव. तिनं ठेवलं नाही. बांधालगतच्या शेतकऱ्यांना गोळा केलं, कारण एकट्याचं पाणी काढून भागत नाही, ते शेजाऱ्याच्या रानातूनच पुढं जायला लागतं. चर मारले, चार-पाच फूट खोल. चरात भोकं पाडलेली पाइप, तिला जाळीचं कापड गुंडाळलेलं, म्हणजे माती आत जाऊन भोकं बुजत नाहीत. सगळ्या पाइपा एका मोठ्या पाइपेला, ती पाइप ओढ्याला. वर पहिल्यांदा ताग आणि धैंचा पेरून गाडला.

बांधाच्या कोपऱ्यात सिमेंटचं चेंबर आहे. तिनं झाकण उचललं. आत पाइपेच्या तोंडातून करंगळीएवढी धार पडत होती. स्वच्छ, आवाज नाही. तिनं वाकून बोट भिजवलं, जिभेला लावलं, आणि माझ्यापुढं हात केला.

“बघ.”

मी पण बोट भिजवलं. खारट. पण मिठाच्या पाण्यासारखं सरळ नाही, मागं कडवट चव राहणारं.

“पहिल्या वर्षी तोंडात धरवत नव्हतं. आता कमी झालंय. मी दर महिन्याला चाखतो.”

रानाची तब्येत ती अशी बघते. मातीच्या तपासणीचे कागदही आहेत, फायलीत लावून ठेवलेले. ऊस गेल्या वर्षी बरा आला. या वर्षी एका कोपऱ्यात तिनं वांगी लावलीत, कृष्णाकाठची, काटेरी देठाची. वांगी क्षारात टिकली तर रान सुधारलं म्हणायचं, हा तिचा स्वतःचा हिशेब. चार वांगी तोडून बास्केटात टाकली.

परत निघताना बांधावर बसून आम्ही हरभऱ्याचे घाटे खाल्ले. हॉस्टेलच्या गोष्टी निघतील असं मला वाटलं होतं, पण तिला रानाबद्दलच बोलायचं होतं. मला तेच आवडलं. जुन्या मैत्रिणीशी जुनंच बोलायला पाहिजे असं थोडंच आहे!

*

दुपार. वारा समोरून.

*

नरसोबाची वाडी. गुरुवार नाही, पौर्णिमा नाही, म्हणून रस्ता मोकळा. नरसिंह सरस्वतींचं इथं बारा वर्षं वास्तव्य झालं अशी परंपरा. पुढं ते गाणगापूरला गेले, पादुका इथं राहिल्या. घाटाच्या पायऱ्या उतरून कृष्णेत पाय घातले. पाणी गार, पिंडऱ्यांना बरं वाटलं.

मैत्रिणीचं दुकान देवळाच्या वाटेवर. पेढे, कवठाची बर्फी, नारळ, खडीसाखर, जपमाळा. गिऱ्हाईक बघता बघता बोलायची तिला सवय आहे.

“काय काम—” म्हणाली आणि थांबली. “शिरोळची बोलली फोनवर. तुला काम नाही म्हणे.”

*

दुकानाच्या आतल्या भिंतीवर रंगाच्या तीन रेघा. २००५, २०१९, २०२१. २०१९ची सगळ्यांत वर. त्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. इथं नुसती छपरं दिसत होती.

दर पावसाळ्यात देवळात पाणी येतंच. उत्तरेकडून शिरतं, पादुकांवरून वाहतं, दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वार सोहळ्याला स्नानासाठी लोक लोटतात. पाणी चढत गेलं की उत्सवमूर्ती वरच्या बाजूला हलवतात. नदीनं देवळात येणं हा इथं उत्सव आहे. पण दक्षिणद्वाराचं पाणी आणि २०१९चं पाणी यांत फरक आहे, आणि तो फरक मैत्रीण हातानं दाखवते. गुडघ्यापाशी हात धरून ती म्हणते, “हे देवाचं.” मग भिंतीवरच्या वरच्या रेघेकडं बोट करून म्हणते, “ते माणसांचं.” धरणांतून पाणी कधी, किती सोडायचं, नदीच्या पात्रात आणि पूररेषेत काय काय बांधायचं, हे माणसंच ठरवतात. तिचं म्हणणं मला तंतोतंत पटतं.

२०१९ला तिचं सगळं दुकान गेलं. तेव्हा आम्ही सगळ्या आलो होतो. चिखल काढला, फडताळं धुतली, भांडी उन्हात मांडली. चार दिवस सगळ्या एका छताखाली होतो. परवाच तिनं कुणालातरी सांगितलं म्हणे, पुरात मैत्रिणी भेटल्या. हे ऐकून मला बरं वाटलं नाही. भेटायला पूर यावा लागतो, ही काही चांगली रीत नाही.

कवठाच्या बर्फीचे पैसे घेतले नाहीत. वाद घातला, उपयोग झाला नाही.

*

पंचगंगेचा पूल ओलांडला की कुरुंदवाड. पटवर्धनांचं संस्थान होतं. संगमाच्या बाजूला सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी. मोगलांना ज्यांच्या नावाची धास्ती होती ते संताजी १६९७मध्ये मारले गेले, तेही आपल्याच माणसांच्या वैरातून. समाधीपाशी कुणी नव्हतं. दगड तापलेले.

गावातल्या पाच मशिदींत गणेशोत्सवात गणपती बसतो. मोहरम आणि गणपती एकाच वेळी आले की पीर आणि गणपती शेजारी शेजारी. इथल्या लोकांना यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. मला वाटतं, म्हणून लिहून ठेवते.

*

पुढचं चाक ब्रेकला घासत होतं. बाजारातल्या सायकल मिस्त्रींकडं गेले. वय झालेलं, चष्म्याला दोरी. सायकल उलटी केली, चाक फिरवलं, ब्रेकच्या रबरापाशी डोळा नेला. रिम रबराला लागते तिथं अंगठा ठेवून चाक थांबवलं. त्या बाजूच्या दोन तारा किंचित ढिल्या केल्या, समोरच्या बाजूच्या दोन आवळल्या. परत फिरवलं. परत. मग एकेक तार नखानं छेडत गेले आणि आवाज ऐकत गेले. एक तार बोदी बोलली, तिला अर्धा आटा दिला. शेवटी चाक नुसतं सोडून दिलं आणि ते बराच वेळ, एका रेषेत, आवाज न करता फिरत राहिलं.

पूर्वी तासावर भाड्यानं द्यायच्या सायकली त्यांच्या दुकानापुढं ओळीनं उभ्या असायच्या. आता पोरांच्या रंगीत सायकली येतात, आणि मोपेडची पंक्चर. वीस रुपये घेतले. सीटची उंचीही न सांगता सारखी केली.

*

कुरुंदवाडची मैत्रीण हायस्कुलात गणित शिकवायची, आता निवृत्त. गाव तिला बाई म्हणतं, म्हणून आम्हीही म्हणतो. बाईंनी काम विचारलं नाही. बासुंदीची वाटी पुढं ठेवली आणि माझ्या मागं जाऊन सायकल बघून आल्या.

“माळ्यावर माझी आहे. पाटाखाली, गोधड्यांच्या मागं. नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून घेतलेली.”

“काढू या का?”

“आत्ता?”

आत्ता नको, असं दोघींनी ठरवलं, कारण माळ्याला शिडी लागते आणि शिडी शेजाऱ्यांनी नेलेली. पण त्यानंतर बाई सारख्या वर बघत होत्या. टायर कुजले असतील. ट्यूब तर गेलीच. घंटी चांगली होती. मिस्त्री अजून बसतात ना बाजारात?

बसतात, म्हटलं. आत्ताच तिथून आले.

*

मजरेवाडी, अकिवाट. ऊस आणि ऊस. ऊन उतरलं, वारा पडला, पाय आपोआप चालायला लागले. अशा वेळी डोक्यात काही नसतं, आणि ते फार छान असतं.

*

सैनिक टाकळी. घरटी एक तरी माणूस फौजेत, म्हणून गावाचं नाव. मैत्रिणीचा नवरा मराठा लाइट इन्फंट्रीत होता. वीस-बावीस वर्षं ती गावात आणि तो कुठं ना कुठं सीमेवर. त्या काळात आम्हा सगळ्यांत जास्त पत्रं तिनं लिहिली, नवऱ्याला आणि आम्हाला. माझ्याकडची मी जपून ठेवली आहेत. त्यांत म्हशीच्या वेतापासून ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपर्यंत सगळं आहे. स्वतःच्या एकटेपणाबद्दल एक ओळ नाही.

ती कट्ट्यावर वाट बघत बसली होती. वांगी घेतली, हळकुंडं घेतली, बर्फी घेतली.

“खिद्रापूरला उजेडात जायचं असलं तर आत्ता निघ. थांब, मी पण येतो.”

नातवाची सायकल काढली. पदर कमरेला खोचला. गल्लीतली माणसं बघायला लागली, नातू तर दारात उडायला लागला. दोन-तीन वेळा हँडल डुगडुगलं, मग सरळ झालं.

*

खिद्रापूरचा कोपेश्वर. मी इथं किती वेळा आले असेन, तरी स्वर्गमंडपात पाऊल टाकताना मान आपोआप वर जाते. छताला मधोमध गोल मोकळी जागा, वर सरळ आकाश. तिच्याखाली तेवढ्याच आकाराची गोल शिळा. भोवती खांबांचं कडं. खांब काळ्या पाषाणाचे, कातावर धरून फिरवावेत असे घडवलेले, एकावर एक कडी, काही इतकी गुळगुळीत की हात ठेवला तर गार लागतं आणि बोट घसरतं. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं काम. यादव राजा सिंघणाचा शके ११३६चा देवनागरी शिलालेखही इथं आहे. बाहेरून फेरी घातली की पायाला हत्तींची रांग, पाठीवर सगळं देऊळ पेललेली. कितीतरी हत्तींच्या सोंडा तुटल्यात, कितीतरी मूर्तींचे चेहरे गेलेत. पण उरलंय तेही एका संध्याकाळीत बघून होत नाही.

समोर नंदी नाही. गावात सांगतात, सती दक्षाच्या यज्ञाला गेली ती नंदीवर बसून, म्हणून नंदी पलीकडं यडूरला राहिला. सती गेल्यावर शिव कोपला, तो हा कोपेश्वर. त्याची समजूत घालायला विष्णू आला, तो धोपेश्वर. दोघेही एकाच गाभाऱ्यात.

टाकळीची मैत्रीण गोल शिळेच्या कडेला उभी राहून वर बघत होती. इथून एवढ्या जवळ राहून ती कितीतरी वर्षांत आली नव्हती. पाहुणे आले की त्यांच्याबरोबर घरातलं कुणीतरी येतं, ती भाकरी करायला मागं राहते.

“सती सांगून गेली असती तर शिवानं सोडलं नसतं,” ती म्हणाली.

मी काही बोलले नाही. तिला उत्तर नको होतं.

नदीवर गेलो. पलीकडं जुगूळ, कर्नाटक. काठावर दोन बायका कपडे आवरत होत्या, एक मराठीत बोलत होती, दुसरी कानडीत, आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं.

*

परत टाकळी. रस्त्यावर अंधार पडायच्या आत घरात. रात्री शिरोळची वांगी भरून केली. शाळवाची भाकरी, दही, खर्डा. हरिपूरच्या हळदीतलं एक हळकुंड तिनं तिथंच कुटून फोडणीला टाकलं.

*

जेवताना फोन वाजला. बाई.

“शिडी आणली. सायकल खाली काढली. टायर दोन्ही गेलेत, ट्यूब गेल्या. साखळी गंजलीय पण मिस्त्री म्हणाले रॉकेलात टाकून निघेल. ब्रेकची रबरं नवी लागतील. घंटी वाजते.”

टाकळीच्या मैत्रिणीनं फोन माझ्या हातून घेतला. नातवाची सायकल तिला ठेंगणी होते, मिस्त्रींकडं जुनी बावीस इंची लेडीज मिळेल का, बघून ठेवा म्हणाली. मग दोघींचं बोलणं लांबलं. पाडव्याच्या आधी की नंतर. वाडीची दुकान कुणाला देऊन येईल. शिरोळच्या रानात तेव्हा ऊस नसेल, सावली कुठली, मग सकाळी लवकर निघायला हवं. जयसिंगपूरच्या नातीचं काय झालं ते आधी विचारायला हवं. हरिपूरला सगळ्या एकदम गेल्या तर ती घाबरेल, म्हणून तिला कळवायचं. आणि ती काम विचारेल तेव्हा कुणी काय सांगायचं, यावर बाईंचं म्हणणं असं की काही सांगायचं नाही, सरळ आत जाऊन बसायचं.